पद्मिनीचा बेंड पाइप दीड इंची, सायलेन्सर पावणेदोन इंची. सांधायचं कसं?

पद्मिनीवाला परभणी

नमस्कार मंडळी. गाडी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी, मामाची. दवाखान्याच्या पोर्चमध्ये धूळ खात पडली होती, ती आता रस्त्यावर आणायलोय. इंजिन झालं, ब्रेक झाले, घोडं अडलंय ते सायलेन्सरपाशी.

मॅनिफोल्डपासून (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) खाली उतरणारा बेंड पाइप कुर्ल्याहून जुनाच आणला, पण पत्रा ठणठणीत आहे. व्हर्निअर लावला तर बाहेरून ३८ मिमी, म्हणजे दीड इंच. सायलेन्सर नवीन घेतला. दुकानदार म्हणाला, फियाटचाच आहे, डोळे झाकून बसवा. घरी येऊन बघतो तर तोंड पावणेदोन इंची, आतून ४१ मिमीच्या जरा वर. पाइप आत घातला की नुसता डुगडुगतो. वर त्याचा हँगरचा (सायलेन्सर बॉडीला लटकवतात तो) कान बॉडीवरच्या ब्रॅकेटपेक्षा चार बोटं पुढं येतो. परत घ्यायला दुकानदार तयार नाही, रंगाला ओरखडे आलेत म्हणे.

सध्या तारेनं बांधून गाडी अंगणातच चालू करून बघितली. ॲक्सिलेटर सोडला की फटाके वाजायलेत. कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणतो, "आणा इकडं, गोल वेल्डिंग मारतो. नसंल जमत तर मधी पाण्याचा पाइप घालतो." ऐकू का त्याचं?

जीपवाला बीड

कशाला एवढा खटाटोप? तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळा, वरून दोन होज क्लिपा आवळा. आमची जीप तशीच शेतात हिंडायलीय. आवाज येतो थोडा, पण गड्याला लांबूनच कळतं मालक आले म्हणून.

लेथवरचा, जालना

जीपवाले, तुमची जीप शेतात आहे, यांची पद्मिनी लग्नाला जाणार आहे. डब्याचा पत्रा तापून महिनाभरात कागदासारखा होतो.

परभणीकर, वेल्डरला आधी थांबवा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रेस मारली की ते एका अंगाला झुकतं, बॉडी मात्र जागची हलत नाही. पाइपची सगळी लांबी वेल्डिंगनं एकसंध केली अन् मागं आवळून टाकली, की तो झटका जातो थेट मॅनिफोल्डच्या कानावर. मॅनिफोल्ड बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. बीड वाकत नाही, तडकतं. मग नवीन मॅनिफोल्ड शोधत फिरा. जोड क्लॅम्पचाच ठेवा.

आता मापाचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुमचा पाइप दीड इंच, म्हणजे एक इंच चार सूत. सायलेन्सरचं तोंड एक इंच सहा सूत. मधला कोण राहिला? एक इंच पाच सूत. सोळा गेजच्या पाइपची भिंत १.६ मिमी, म्हणजे अर्धा सूत. दोन्ही बाजूंचा अर्धा अर्धा गेला की आतून बरोबर एक सूत कमी होतो. त्यामुळं पाच सूतवाल्याच्या पोटात तुमचा दीड इंची जातो, आणि तो स्वतः सहा सूतवाल्यात जातो. मिमीत बघा: ४१.३ बाहेरून, ३८.१ आतून. दोन्हीकडची फट भरली.

मात्र कागदावर बसतं तसं हातात बसत नाही. ईआरडब्ल्यू पाइपला (पत्रा वळवून कडा वेल्ड केलेला) आतून वेल्डिंगची शिवण असते, लांबच लांब उभी रेघ. बोट फिरवलं की लागते. अर्धगोल कानसीनं ती आधी साफ घासा. नाहीतर पाइप निम्म्यावर अडकेल, तुम्ही हातोडा माराल अन् तोंड लंबगोल करून बसाल. सायलेन्सरच्या तोंडालाही आतून बोट फिरवा, तिथंही तीच भानगड असते. मग एमरी मारून रेटत बसवा.

हा मधला तुकडा, म्हणजे स्लीव्ह, तीन इंच लांब पुरे. त्यातली दोन इंच सायलेन्सरच्या तोंडात जायला हवी. तोंडाला हॅक्सॉनं इंचभर लांबीच्या चार चिरा द्या, स्लीव्हलाही द्या, पण एकीची चीर दुसरीच्या चिरेवर येऊ देऊ नका. चीर जोडाच्या लांबीपेक्षा आखूडच हवी, नाहीतर तिच्या टोकातून धूर येईल. क्लॅम्प चिरांवर आवळायचा. यू क्लॅम्प पाइपला चेपतो, पुन्हा खोलताना रडवतो. रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प मिळाला तर तोच घ्या. जोडात एक्झॉस्ट पेस्ट पातळ लावा.

बेंड पाइप सायलेन्सरच्या आत चाललाय ते योग्यच आहे. कायम पुढचा पाइप मागच्याच्या आत. उलटं केलं तर धूर कडेवर आपटतो अन् फटीतून बाहेर निघतो.

पाच सूतचा तुकडा नाही मिळाला तर टर्नरकडून बुश (लेथवर कातलेली नळी) करून घ्या, आतून ३८.२, बाहेरून ४१.

पद्मिनीवाला परभणी

भाऊ, सूताचा हिशेब एकदम डोक्यात बसला. पाण्याच्या पाइपाचं काय? वेल्डर तोच धरून बसलाय.

लेथवरचा, जालना

पाण्याचा पाइप नावाला सव्वा इंची, पण ते माप पोकळीचं, तेही ढोबळ. बाहेरून तो ४२.४ मिमी भरतो. तुमच्या ४१ च्या तोंडात जाणार नाही. आतून मीडियम क्लासचा ३६ मिमी, त्यात तुमचा ३८ चा पाइप जाणार नाही. दोन्हीकडून नापास.

आणि त्यावर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंगच्या आचेनं जस्त उकळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आमच्याकडं नवीन पोरं हटकून एकदा त्यात सापडतात.

नांदेडची ॲम्बी

माझी अँबॅसिडर मार्क थ्री, १४८९ सीसी पेट्रोल. फटाक्यांबद्दल लिहिते. ॲक्सिलेटर सोडल्यावर वाजतायत म्हणजे कुठून तरी बाहेरची हवा आत ओढली जातेय आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतंय. तारेनं बांधलेला जोड गळणारच, पण मॅनिफोल्डचं गॅस्केटही (जोडात बसणारी पातळ चकती) तपासा. इंजिन थंड असताना चालू करा, कुणाला तरी सायलेन्सरच्या मागच्या पाइपाच्या तोंडावर ओलं जाड फडकं क्षणभर दाबून धरायला सांगा आणि जोडांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे येतील तिथं गळती. चाललेल्या गाडीत तर काजळीची काळी रेघच पत्ता सांगते.

हे हसण्यावारी नेऊ नका. या वयाच्या गाड्यांचा तळपत्रा पायाखाली गंजलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. जोड नीट होईस्तोवर काचा लावून कुणाला बसवू नका.

मॅनिफोल्डच्या स्टडला (बिनडोक्याचा बोल्ट) नट पितळीच घ्या. लोखंडी नट आचेनं धरून बसतो आणि खोलताना स्टडच तुटतो.

पद्मिनीवाला परभणी

ताई, तळपत्र्याला ड्रायव्हरच्या बाजूला खरंच भोक आहे, आज मॅट उचलल्यावर दिसलं. ते आधी करतो. हँगरचं कसं करावं? सायलेन्सर मागं ओढून बोल्ट लावला तर बसतो, पण ताण येतो.

लेथवरचा, जालना

ओढून नाही लावायचा. दोन मीटर पाइप ३०० अंशांनी तापला तर सात मिमी लांबतो, त्याला हलायला जागा पाहिजे. ब्रॅकेटला २५ बाय ५ मिमीची पट्टी जोडून चार बोटं पुढं आणा, तिच्यात भोक लांबट पाडा, अन् लटकवा रबरावरच. आधी सगळं हातानं ढिलं बांधा, इंजिन गरम करा, पाइप कुठं टेकतोय का बघा, मग पुढून मागं आवळत या. पट्टीचं वेल्डिंग गाडीखाली झोपून करू देऊ नका. पेट्रोलची टाकी मागंच आहे.

अजून एक. गावातल्या गावात चालवणार असाल तर सायलेन्सरच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिमीचं भोक मारा. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर पुरता तापला नाही की त्यातलं बरंचसं आतच साचतं अन् पत्रा आतून खातं.

जीपवाला बीड

म्हणजे आमचा सायलेन्सर आतून गेला तो पाण्यानं? आम्ही उगाच डिझेलवाल्याला शिव्या द्यायलोय.

लेथवरचा, जालना

डिझेल जळलं तरी पाणी होतंच. भोक तुम्हीपण मारा.

पद्मिनीवाला परभणी

पाच सूतचा तुकडा मिळाला, ग्रिल करणाऱ्याच्या भंगारात. शिवण तुम्ही म्हणालात तशीच होती, घासायला दुपार गेली. आता स्लीव्ह मुठीनं दाबून जाते. बँड क्लॅम्प परभणीत नाही, मागवलाय. पितळी नट आले की गॅस्केटपण एकदमच बदलतो.