स्पेसशिपचा नकाशा काढलाय, पण खेळाडू ब्रिज सोडून हलतच नाहीत

चौथीमिती
नमस्कार मंडळी, आमचा ग्रुप शनिवारी रात्री ऑनलाइन ट्रॅव्हलर खेळतो, म्हणजे अंतराळातला रोल-प्लेइंग गेम, प्रत्येक जण एक पात्र होतो, आणि खेळ चालवणारा रेफरी मी. यावेळी पुस्तकातलं तयार जहाज न घेता २०० टनी मालवाहू जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे आतल्या मजल्याचा नकाशा, स्वतः काढला, मधून सरळ कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना केबिन्स, पुढे ब्रिज (जहाज चालवायची खोली), मागे इंजिन. दिसतं झकास पण खेळताना आयटी कंपनीच्या मजल्यासारखं वाटतं. सगळे ब्रिजवर बसून गप्पा हाणतात आणि मारामारी झालीच तर कॉरिडॉरच्या दोन टोकांना उभं राहून गोळ्या झाडतात, संपलं. जहाज खरं वाटावं आणि खेळायलाही मजा यावी म्हणून आतली रचना कशी करता तुम्ही? चित्र सुंदर नसलं तरी चालेल, माझं ड्रॉइंग तसंही चौथीतच थांबलंय.

निवांत_पामर
माल आणि इंधन कुठेय भावा? केबिनपासून सुरुवात केलेली दिसतेय. गेमच्या पुस्तकातलं जुनं फ्री ट्रेडर जहाज काढून बघ, २०० टनांत ८२ टन माल आणि ३० टन इंधन, म्हणजे अर्ध्याहून जास्त जहाज माणसांसाठी नाहीच. आणि टन म्हणजे इथे वजन नाही, जागा. एक टन म्हणजे साधारण १४ घनमीटर, दीड मीटरच्या ग्रिडवर दोन चौकोन. आधी माल आणि टाक्या बसव, मग उरलेल्या जागेत माणसं कोंब. केबिन ४ टनांची लिहिलेली असते पण खोली तेवढी मोठी काढायची नसते, त्यातलाच हिस्सा कॉरिडॉर, जेवणाची जागा, संडास यांना जातो. संडास काढलायस ना? नकाशांत तो हमखास राहतो.

आणि तो सरळ कॉरिडॉर मोड. महत्त्वाच्या जागी जायला दोन वाटा हव्यात, एक सोयीची आणि एक त्रासाची. इंजिनकडे मालाच्या खोलीतून मोठं दार, आणि दुसरीकडून टाकीच्या कडेने सरपटत जायचा मेंटेनन्सचा बोळ. चाचे आत घुसले की पोरं आपोआप नकाशावर वाकतील बघ, कोण बोळातून जाणार यावर भांडणं होतील, आणि खरी मजा तीच.

कक्षाबाहेर
ट्रॅव्हलरमध्ये जमिनीखाली कृत्रिम गुरुत्व देणाऱ्या ग्रॅव्हिटी प्लेट्स आहेत म्हणून सगळं खपून जातं. त्या काढून टाकल्या तर जोर मागून येतो, म्हणजे जमीन इंजिनच्या बाजूला, डेक जहाजाच्या लांबीला आडवे आणि मधून शिडी. फिरवून गुरुत्व आणायचं तर मिनिटाला २ फेऱ्यांवर पूर्ण १ जी (पृथ्वीइतक्या गुरुत्वा) साठी त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते, २०० टनी जहाजात विसरा.

खरेपणा हवा असेल तर हवेचा विचार कर. आयएसएसवर (आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर) वजनरहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साठू शकतो, म्हणून झोपायच्या खोलीत हवा सतत खेळती ठेवावी लागते. त्यामुळे तिथे पंख्यांची घरघर कायम चालू. आता रात्रपाळीत खेळाडूंना फक्त एवढंच सांग की घरघर थांबली. बघ कोण ब्रिजवर बसून राहतं ते.

आणि आकाराचं भान असू दे, आयएसएसची सगळी हवाबंद जागा साधारण १,००५ घनमीटर, तुझं जहाज त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट भरतं.

भेळभत्ता
वरचं सगळं बरोबर पण एवढी गणितं कशाला राव. विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा ठेवलीय, नौदलाची निवृत्त पाणबुडी, २००२ पासून म्युझियम आहे, कोणी तिकडे जाणार असेल तर आत शिरून बघाच. ९१ मीटर लांब पण आत एका मागोमाग कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल हॅच, आधी एक पाय टाकायचा, मग डोकं वाकवून अंग आत घ्यायचं. भिंत म्हणून मोकळी दिसतच नाही, सगळीकडे पाइप, व्हॉल्व्ह, डायल. झोपायचे बंक टॉर्पेडोंच्या कप्प्यात. माझ्या मते जहाज खरं वाटतं ते याच्यामुळे, एका जागेला दोन-तीन कामं असतात. जेवायचं टेबल तेच ऑपरेशनचं टेबल, असं केलं की एक गोळी लागली तरी सगळ्यांचं जेवण बोंबलतं.

पूर्ण नकाशा मी खेळाडूंना देतच नाही. चार-पाच खोल्या नीट काढतो, बाकी तोंडी. नाहीतर सगळे चौकोन मोजत बसतात.

निवांत_पामर
@भेळभत्ता इथे सहमत नाही. जहाज त्यांचं स्वतःचं आहे, राहतात तिथे, नकाशा त्यांच्याकडे हवाच. लपवायचा तर दुसऱ्याच्या जहाजाचा लपव.

चौथीमिती
धन्यवाद लोकहो. कॉरिडॉर उडवला, मालाची खोली मधोमध आणली, आता ब्रिजवरून जेवायला जायचं तरी मालातून वाट काढावी लागते. इंजिनिअरचं पात्र करणाऱ्याला जहाजातले तीन बिघाड आधीच लिहून पाठवलेत, बाकीच्यांना पत्ता नाही. एक शंका, मेंटेनन्सच्या बोळात स्पेससूट घालून माणूस मावावा का?

कक्षाबाहेर
सूट घालून मावेल, हत्यार घेऊन नाही. तेवढीच रुंदी ठेव.

भेळभत्ता
आणि मधेच एक व्हॉल्व्ह बाहेर आलेला काढ, सूट फाटायला.