वडिलांची जुनी एस्टीम ड्रॅग शर्यतीसाठी बांधावी का?

ऐरोलीकर

आमच्याकडे २००२ सालची मारुती एस्टीम आहे. वडिलांनी ती वीस वर्षे चालवली, आणि ते गेल्यापासून ती आमच्या इमारतीच्या स्टिल्टमध्ये मागच्या दोन्ही टायरांतली हवा गेलेल्या अवस्थेत उभी आहे. नोंदणीची मुदत संपली आहे आणि जागा मोकळी करा म्हणून सोसायटीची दोन पत्रेही येऊन गेली आहेत. भंगारात घालण्याची माझी तयारी नाही. मागची सीट, एसी आणि गालिचा काढून टाकावा, मारुतीच्याच जुन्या बलेनो सेडानचे १.६ लिटरचे इंजिन बसवावे आणि गाडी ४०२ मीटरच्या, म्हणजे पाव मैलाच्या, ड्रॅग शर्यतीसाठी (सरळ पट्टीवर जागेवरून सुटून पहिले पोहोचायची शर्यत) बांधावी, असे माझ्या मनात आहे. तरीही रविवारी सकाळी नवी मुंबईच्या पामबीच रस्त्यावरून एक चक्कर मारता येईल इतपत ती रस्त्यावरची राहावी. हे योग्य होईल का? विरोधी मतेही जरूर मांडावीत.

कोपरीचा पेन्शनर

विरोधी मत मागितलेत म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या प्रस्तावातला ‘तरीही’ हा एकच शब्द मला खटकतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि नुसते इंजिन बदलायचे म्हटले तरी आरटीओची परवानगी लागते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे किंवा वेग आजमावणे हा कलम १८९ खालचा गुन्हा असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळेस तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘एक चक्कर’ कशी असते, हे आपणही जाणताच.

त्याऐवजी ती आहे तशी दुरुस्त करा. एस्टीमचे उत्पादन २००७ मध्येच थांबले आहे, आणि मूळ रंगातली, मूळ इंजिनाची, धड अवस्थेतली एस्टीम आता रस्त्यावर क्वचितच दिसते. वडिलांनी वीस वर्षे जपलेली वस्तू करवतीने कापून आठवण कशी राहते, हे मला तरी समजत नाही.

रबाळे वर्कशॉप

एमआयडीसीत माझे लेथचे काम आहे आणि अशा दोन गाड्यांच्या बांधणीत माझा हात लागलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘तरीही’बद्दल पेन्शनर काकांशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र माझे कारण कायद्याचे नाही, गाडीचे आहे. ड्रॅगच्या गाडीला पोलादी नळ्यांचा पिंजरा घातला की आत हेल्मेट आणि शर्यतीचा पट्टा हवाच. हेल्मेट न घालता त्याच गाडीतून बाजारात गेलात आणि मागून कोणी हलके ठोकले, तर जी नळी तुम्हाला वाचवायला बसवली तिच्यावरच डोके आपटते. सुटताना पकड मिळावी म्हणून पुढच्या टायरांत वीस पौंडांच्या आसपास हवा ठेवायची, ती पावसात ठाणे-बेलापूर रस्त्यावर कशी चालेल? जड क्लच ऐरोलीच्या सिग्नलला वापरून पाहा, तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागतो. अर्धी रस्त्याची आणि अर्धी पट्टीची अशी गाडी दोन्हीकडे वाईटच चालते. म्हणून बांधायची तर पूर्ण पट्टीची बांधा आणि शर्यतीला फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, घालून न्या.

आता कामाचा क्रम. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा ‘किती बीएचपी (अश्वशक्ती) होतील’ एवढेच विचारतो. पत्रा किती शिल्लक आहे, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. गालिचा उचला, आवाज दाबण्यासाठी लावलेले डांबराचे पॅड खरवडून काढा आणि जुना पेचकस घेऊन फरशीचा पत्रा, दाराखालचे सिल, जॅक लावायची जागा आणि मागच्या सस्पेंशनचे टॉवर टोचून पाहा. खाडीजवळ चार पावसाळे उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसते आणि खालून बिस्किटासारखी झालेली असते. जिथे पेचकस आरपार जाईल तिथे पिंजऱ्याचा पाय जोडता येत नाही.

पत्रा ठीक निघाला तर वजनाकडे वळा. आम्ही भंगारवाल्याचा टांगता काटा आणला होता आणि निघालेली प्रत्येक वस्तू त्यावर तोलून वहीत लिहिली होती. मागची सीट चौदा किलो, स्टेपनी आणि जॅक मिळून साडेतेरा, कंप्रेसर, कंडेन्सर आणि पाइपांसह एसी एकोणीस, डांबर आणि गालिचा बारा, डावी पुढची सीट तेरा, आणि किरकोळ धरून सगळे ऐंशीच्या घरात गेले. दाराच्या पोकळीतून वडापावचा कागद निघाला, त्याचे मात्र वजन केले नाही. गाडीचे मूळ वजन सुमारे ८७५ किलो आणि ताकद ८५ बीएचपी धरली, तर वजन-ताकदीच्या प्रचलित सूत्राने चालकासह पाव मैलाला अंदाजे १६.९ सेकंद येतात. ऐंशी किलो उतरवल्यावर तेच १६.४ होतात, तेही पाना-पेचकसाशिवाय काहीही विकत न घेता. पिंजरा घातला की त्यातले तीसेक किलो परत चढतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

ही गाडी पुढची चाके ओढणारी आहे. जोरात सुटताना भार मागे सरकतो आणि ज्या चाकांनी ओढायचे तीच हलकी होतात. त्यात डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारी गिअरची जोडणी) साधे असल्यामुळे एकच चाक जागच्या जागी फिरून धूर काढते. म्हणून मागची स्प्रिंग कडक करून बूड बसू न देणे हे इंजिन बदलण्याआधीचे काम आहे. पहिल्या साठ फुटांत वाचवलेला एक दशांश सेकंद शेवटच्या रेषेवर दीड-दोन दशांश होऊन मिळतो. बलेनोचे इंजिन एस्टीमच्या इंजिनाच्याच, सुझुकीच्या जी मालिकेतले असल्याने बसते, पण त्याची ताकद ९४ बीएचपी आहे. नऊ घोड्यांसाठी आधी खर्च करू नका.

नेरुळकर

रबाळेकरांची माहिती मोलाची आहे, पण तिच्यातूनच माझा आक्षेप सिद्ध होतो. एवढा खटाटोप करून गाडी सोळा सेकंदांच्या आसपासच धावणार. आज शोरूममधून निघणारी टर्बो व्हर्ना १६० पीएसची (पीएस म्हणजे जवळपास बीएचपीच) आहे. एसी चालू, गाणी चालू, मागे सासूबाई बसलेल्या अशा स्थितीतही ती या एस्टीमच्या अंगावरून जाईल. शिवाय गाडी न्यायची कुठे? नवी मुंबईत ड्रॅगची पट्टी नाही. लोणावळ्याच्या पुढे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यत भरत आली आहे, म्हणजे वर्षातून एखाद्या सुट्टीसाठी घाट चढायचा. उरलेले दिवस अशा गाड्या बांधणारी मुले काय करतात ते मी माझ्या गॅलरीतून शनिवारी रात्री ऐकतो. पामबीचवर एक्झॉस्टचे फटाके रात्री दीड वाजता सुरू होतात. गाडी एकदा ‘ड्रॅगसाठी’ बांधली की तो मोह टळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

रबाळे वर्कशॉप

मोहाचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यावरचा उपाय पट्टी हाच आहे. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना उभी केली, तीही तरुणांच्या रस्त्यावरच्या शर्यती उचलून नियमांच्या चौकटीत नेण्यासाठीच. नंबर प्लेटच नसलेली, हेडलाइटही काढलेली गाडी पामबीचवर जाऊ शकत नाही. उलट ‘दोन्हीकडे चालेल’ अशीच गाडी रात्री दीड वाजता बाहेर पडते. तुमच्या गॅलरीखालचा आवाज त्या गाड्यांचा आहे.

व्हर्नाचे उदाहरण गैरलागू आहे, कारण शर्यतीत गाड्या इंजिनाच्या सीसीप्रमाणे वर्गात लावल्या जातात. दुसरे म्हणजे, पट्टीवर घड्याळ चाक जागचे हलल्यावर सुरू होते, दिवा हिरवा झाल्यावर नाही. दिव्यानंतर चालकाने किती वेळ घेतला ते वेगळे मोजले जाते, आणि तेथे दोन दशांश वाचवणारा चालक मंद गाडी घेऊनही पहिला पोहोचू शकतो. मंद गाडीत बसूनच हे शिकायचे असते. थेट चारशे घोड्यांच्या गाडीत बसवलेला माणूस फक्त घाबरायला शिकतो.

कोपरीचा पेन्शनर

आपण दोघे सेकंद मोजत आहात. माझा प्रश्न गाडीचा आहे आणि तो अनुत्तरित आहे. ऐरोलीकर, आपल्या आईंना विचारलेत का?

ऐरोलीकर

विचारले. ‘उभी आहे त्यापेक्षा काहीही बरे, फक्त डॅशबोर्डवरचा गणपती मला काढून दे,’ असे ती म्हणाली. तो काढला, खालचा चौकोन अजून मूळ काळ्या रंगाचा आहे.

काल सकाळी पेचकसाची परीक्षाही घेतली. फरशी आणि मागचे दोन्ही टॉवर घट्ट आहेत. उजव्या सिलमध्ये मात्र पेचकस दोन ठिकाणी मुठीपर्यंत गेला आणि बाहेर काढताना गंजाबरोबर ओंजळभर ओली माती आली. पामबीचची चक्कर मी यादीतून काढली आहे. सिल बदलून पिंजऱ्याचा पाय तिथे घेता येईल की दुसरी बॉडी शोधावी लागेल, हे रबाळेकरांनी सांगावे.

रबाळे वर्कशॉप

सिल नवे घडवता येते, बॉडी बदलू नका. रविवारी अकरानंतर येऊन बघतो. तोवर मागची सीट काढून ठेवा, आणि काकांचा आग्रह असेल तर ती भंगारात देऊ नका.

कोपरीचा पेन्शनर

आग्रह आहे.