‘काळी मेंदी’, ‘नो अमोनिया’ आणि पीपीडी: खाज नेमकी कशाने?

कुतूहल
‘काळी मेंदी’ म्हणून छोटी पाकिटं मिळतात, पाण्यात कालवून लावली की अर्ध्या तासात केस काळे. वर ‘हर्बल’ आणि ‘नो अमोनिया’, मागे बारीक अक्षरात पी-फेनिलीनडायअमीन, म्हणजेच पीपीडी. गेल्या खेपेला आईला दुसऱ्या दिवशी कानामागे खाज सुटली, पुरळ आलं, मग आपोआप गेलं. आता लग्नासाठी पुन्हा तेच लावायचं म्हणते. अमोनिया नाही, मग त्रास कशाचा? आधी हातावर थोडं लावून पाहिलं तर चालेल?

बेन्झीनकडी
लावू देऊ नका, हातावरसुद्धा नको. तुम्ही सांगताय ती पीपीडीच्या ॲलर्जीची लक्षणं वाटतात. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि पुढच्या खेपेला पुरळावर न थांबता पापण्या, कान, मान सुजू शकतात.

अमोनियाचा इथे संबंध नाही. केसाचं बाहेरचं आवरण फुगवून रंगाला आत वाट करून देणं एवढंच त्याचं काम. ‘नो अमोनिया’ डायमध्ये तेच काम बहुधा इथेनॉलअमीन करतं. रंग धरतो तो पीपीडीमुळे. शुद्ध पीपीडी म्हणजे पांढरट स्फटिक, हवा लागली की जांभळट-तपकिरी होत जातात. रेणू इतका लहान की केसात सहज शिरतो. तिथे पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडेशन होतं, रिसॉर्सिनॉलसारख्या दुसऱ्या रेणूंशी तो जोडला जातो, आणि तयार झालेला मोठा रंगीत रेणू बाहेर पडू शकत नाही. म्हणून रंग धुऊन जात नाही. पाकिटातल्या पावडरमध्ये घन पेरॉक्साइड किंवा परबोरेट आधीच घातलेलं असतं, त्यामुळे नुसतं पाणी पुरतं.

गोची मधल्या टप्प्यात आहे. अर्धवट ऑक्सिडाइज झालेला पीपीडी त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि शरीर त्या जोडीला शत्रू समजायला लागतं. ही उशिरा उठणारी ॲलर्जी, 24 ते 72 तासांनी दिसणारी. म्हणूनच लोक डायला सोडून साबणाला नाहीतर जेवणातल्या वांग्याला दोष देतात.

त्वचाविषयक
वरच्याशी सहमत. घरची चाचणी फक्त ज्यांना कधीच त्रास झालेला नाही त्यांच्यासाठी. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे थेंबभर मिश्रण लावून वाळू द्यायचं. पत्रकावर बऱ्याचदा 24 तास लिहिलेलं असतं, पण 48 तास थांबा, आणि प्रत्येक वेळी नव्याने करा. काही उठलं नाही म्हणून हमी मिळाली असंही समजू नका.

आईंची खात्री त्वचारोगतज्ज्ञांकडेच व्हावी. व्हॅसलीनसारख्या मलमात 1% पीपीडी पाठीवर चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात आणि 96 तासांच्या सुमारास पुन्हा. निदान पक्कं झालं तर टोल्युइन-2,5-डायअमीन असलेले डायही सावधपणे पाहा, पीपीडीवाल्या बऱ्याच जणांना तेही चालत नाहीत. बेन्झोकेन (त्वचा बधिर करणारं औषध) असलेली मलमंही डॉक्टरांना विचारूनच लावा. हातावरच्या ‘काळ्या मेंदी’च्या टॅटूपासून तर मुलांना लांबच ठेवा. युरोपात केसांवर लावायच्या तयार मिश्रणात पीपीडी 2% पर्यंतच चालतो. टॅटूच्या मिश्रणात तो कितीतरी जास्त सापडला आहे, आणि तोही थेट कातडीवर.

कुतूहल
पार्लरमध्ये ‘पीपीडी-फ्री’ सांगतात, भरवसा ठेवू?

बेन्झीनकडी
शब्दावर नको, घटकांची यादी वाचा. 1,4-डायअमिनोबेन्झीन किंवा सी.आय. 76060 म्हणजे तोच पीपीडी. खरी मेंदी केशरी-लाल रंग देते, तिला तास-दोन तास लागतात. अर्ध्या तासात काळं करणारी मेंदी नसतेच. काळंच हवं असेल तर आधी नुसती मेंदी, ती धुऊन मग नीळ, म्हणजे नीळीच्या पानांची शुद्ध पूड. रंग पुढच्या एक-दोन दिवसांत गडद होतो, म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी उरका. त्या दिवसापुरतं हवं तर केसांवर नुसती बसणारी, शाम्पूने निघणारी रंगपूड.

जे पीपीडीचा डाय वापरतातच त्यांच्यासाठी: कालवायला धातूचं भांडं नको, पेरॉक्साइड भराभर विघटित होतं. काच किंवा प्लास्टिक घ्या. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका, ऑक्सिजन साठून बाटली फुटते. हातमोजे नायट्राइलचे आणि एकदाच वापरायचे. भुवया-पापण्यांना अजिबात नाही. 1933 च्या सुमारास अमेरिकेत पीपीडीच्या पापणी-रंगाने बायकांची दृष्टी गेली होती.

त्वचाविषयक
एक जोडतो, कारण आपल्याकडे हे घडतं. डाय कुणाच्या पोटात गेला तर उलटी करवू नका, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. काही तासांत जीभ आणि मान सुजून श्वासनलिका बंद होते, पुढे स्नायू वितळून लघवी चहा-कॉफीच्या रंगाची येते आणि किडन्या बंद पडतात. उतारा औषध नाही. ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासाला वाट करणं) आणि डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठा, डायचं पाकीट सोबत न्या. डोळ्यात उडाला तर वाहत्या पाण्याने 15-20 मिनिटं धुवा आणि मग लगेच नेत्रतज्ज्ञांकडे.