हवा तापल्यावर दाब वाढायला हवा, मग तो कमी कसा होतो?

प्रश्न:
बंद डब्यातील हवा तापवली तर तिचा दाब वाढतो. भूगोलाच्या पुस्तकात मात्र जमीन तापली की तेथे कमी दाब निर्माण होतो आणि जास्त दाबाकडून तिकडे वारे वाहतात, असे असते. ‘गरम हवा वर जाते व तिच्या जागी थंड हवा येते’ हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण हवा नुसती वर सरकली तर तिचे वजन त्याच जागेवर राहते. मग खालचा दाब का उतरावा? कृपया क्रमाने समजावून सांगावे.

प्रतिसाद १:
आपली शंका नेमक्या जागी आहे. डब्यातील हवेला पसरायला वाव नसतो, वातावरणातील हवेला असतो. जमिनीवरील दाब म्हणजे तिच्यावरील हवेच्या संपूर्ण स्तंभाचे वजन. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ हेक्टोपास्कल (हे दाब मोजण्याचे एकक) असतो. उन्हाने आधी जमीन तापते, तिच्यामुळे हवा तापते आणि स्तंभ उंचावतो. या टप्प्यावर त्याचे वजन तेवढेच असल्याने खालचा दाब बदललेला नसतो, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु स्तंभ उंचावल्यामुळे काही हवा वर सरकलेली असते; म्हणून ठरावीक उंचीवर, समजा १ किलोमीटरवर, शेजारच्या थंड स्तंभापेक्षा गरम स्तंभात दाब जास्त भरतो आणि तेथे गरम भागाकडून थंड भागाकडे हवा वाहू लागते. ही हवा निघून गेली की गरम स्तंभ हलका होतो, थंड स्तंभाचे वजन वाढते, आणि त्यानंतर जमिनीलगत थंड भागाकडून गरम भागाकडे वारा सुटतो. वारा पोकळी भरण्यासाठी येतो, ही समजूत सोडून द्यावी; अशी पोकळी कधी निर्माणच होत नाही.

प्रतिसाद २:
दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे हे याचेच उदाहरण आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता (ठरावीक वस्तुमान एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) जास्त असते, ऊन त्यात खोलवर शिरते आणि लाटांमुळे उष्णता खालपर्यंत मिसळते; त्यामुळे दिवसा समुद्रापेक्षा जमीन कितीतरी अधिक तापते. एवढ्याने पडणारा दाबाचा फरक साधारण १ हेक्टोपास्कल, म्हणजे एकूण दाबाच्या हजाराव्या भागाएवढाच असतो, तरी वारा सुटायला तो पुरतो. रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे उलट दिशेने वाहतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पण मग विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या दरम्यान वारे सरळ उत्तर-दक्षिण का वाहत नाहीत?

प्रतिसाद ३:
पृथ्वीच्या परिवलनामुळे. व्यापारी वाऱ्यांच्या (उष्ण कटिबंधातून विषुववृत्ताकडे नियमित वाहणाऱ्या वाऱ्यांच्या) तिरकेपणाचा संबंध इंग्लिश अभ्यासक जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्येच परिवलनाशी जोडला होता, जरी त्यांचे गणित पुढे दुरुस्त करावे लागले. उत्तर गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते, दक्षिण गोलार्धात डावीकडे. आता वरच्या हवेकडे पाहू. १००० आणि ५०० हेक्टोपास्कल या दाबपातळ्यांमधील (जेथे दाब तेवढा असतो त्या दोन उंचींमधील) हवेचा थर सरासरी तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २० मीटरने जाड होतो. उष्ण कटिबंधावर तो जाड आणि ध्रुवांकडे पातळ असल्याने दोहोंमधील दाबाचा उतार उंचीबरोबर वाढत जातो. वर घर्षण नगण्य असते, म्हणून तेथील वारा कमी दाबाकडे थेट न जाता समदाब रेषांना (सारख्या दाबाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांना) जवळजवळ समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि सुमारे १० किलोमीटर उंचीवर जेट प्रवाहाचा (उंचावरील अतिवेगवान वाऱ्याच्या अरुंद पट्ट्याचा) वेग गाठतो. जमिनीलगत मात्र घर्षणाने वेग घटतो, वळवणारे बलही त्या प्रमाणात कमी पडते आणि वारा समदाब रेषा तिरक्या ओलांडून कमी दाबाकडे शिरतो.