कॉन्टेसा वळणावर फार कलते : सस्पेन्शनचे काम कोठून सुरू करावे?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. वडिलांनी १९९० साली घेतलेली, इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची कॉन्टेसा मी अजून वापरतो. गेल्या वर्षी इंजिनाचे काम झाल्यापासून गाडी जोमाने पळते; परंतु कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात तिचा भरवसा वाटत नाही. वळणावर ती एका अंगावर कलते, तोंड बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते आणि वळणातच खड्डा आला की मागचा भाग सरकल्यासारखा होतो. महामार्गावर ८०च्या पुढे स्टिअरिंग सतत सावरावे लागते. एका गॅरेजमध्ये स्प्रिंगचा एकेक वेढा कापून गाडी खाली बसवण्याचा आणि रुंद टायर टाकण्याचा सल्ला मिळाला. फोर्डच्या जुन्या मस्टँगचे मालक पुढचा वरचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) २५ मिमी खाली घेतात, असेही वाचले. आपल्या गाडीला हे चालेल का?

उत्तर १ (सांगली)

दादा, स्प्रिंग कृपया कापू नका. वेढा कमी झाला की उरलेली स्प्रिंग ताठ होते आणि खाली बसलेल्या गाडीला दबायला जागा राहत नाही. त्यामुळे खड्ड्यात ती रबरी स्टॉपवर आपटते, त्या चाकावरचा भार एकाएकी वाढतो आणि टायर पकड सोडतो. तुम्हाला घाटात नेमकी हीच भीती वाटते आहे.

मस्टँगची युक्ती खरी आहे, पण ती १९६५-६६च्या त्या गाडीच्या मापांसाठी आहे. वरचा आर्म खाली घेतल्याने गाडी कलली तरी बाहेरचे पुढचे चाक रस्त्यावर सपाट टेकते. कॉन्टेसाचा साचा व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या गाडीचा. आर्मची लांबी आणि कोन निराळे असल्याने ते माप इथे उचलून लावता येत नाही.

सुरुवात बुशपासून, म्हणजे आर्म गाडीला जिथे जोडले जातात तिथल्या रबरी अस्तरांपासून करा. माझ्या गाडीच्या खालच्या आर्मला टॉमी (लोखंडी कांब) लावून उचकटले, तेव्हा आर्म बोटभर हलला आणि बुशमधून काळा चुरा गळाला. रबर कडक होऊन आतल्या नळीपासून सुटले होते. नवे बुश बसवले, तेही सहा महिन्यांत फाटले, कारण गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले गेले होते. तसे केले की गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवावेत, चाके जमिनीवर टेकवून गाडी दोन-चार वेळा दाबावी आणि मगच ते पुरते आवळावेत. मागच्या ॲक्सलला धरणाऱ्या दांड्यांना मात्र रबरी बुशच ठेवा; गाडी कलताना त्या दांड्यांना पीळ सोसावा लागतो आणि पॉलियुरेथेनचे कडक बुश तो सोसू देत नाहीत.

त्यानंतर शॉकअप. पुढचा कोपरा जोरात दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. ती झुलत राहिली, तर जोडीच बदला.

कलणे तरीही खटकले, तरच जाड स्टॅबिलायझर बारचा (दोन्ही बाजूंची चाके जोडून कलणे रोखणाऱ्या दांड्याचा) विचार करा. बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे २० मिमीऐवजी २४ मिमीचा बार दुपटीहून ताठ होतो. फक्त पुढचाच बार जाड केल्यास तोंड बाहेर जाण्याची खोड मात्र वाढते.

उत्तर २ (कराड)

वरील मताशी सहमत आहे. महामार्गावरच्या भटकण्यासाठी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) तपासा आणि अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या, कारण कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. बुश बदलण्यापूर्वी अलाइनमेंट करून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

प्रश्नकर्ता (सातारा)

आपणा दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी गाडी जॅकवर घेऊन चाके हलवून पाहिली. डावे पुढचे चाक वर-खाली धरून हलवले, तर ‘टक्’ असा आवाज येतो. मुलाने ब्रेक दाबून धरला तरी तो थांबत नाही, म्हणजे दोष बेअरिंगमध्ये नसून बॉल जॉइंटमध्ये (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्यात) असावा. उजवे चाक घट्ट आहे. दोन्ही बाजूंचे बॉल जॉइंट आणि पुढचे सगळे बुश बदलेपर्यंत गाडी घाटात नेणार नाही. स्प्रिंगला हात लावू नका, असे गॅरेजमध्ये सांगून आलो आहे.