सोसायटीच्या गणपतीत क्लिक-स्पीडची स्पर्धा : आकडे जुळत नाहीत, टेस्ट किती सेकंदांची आणि माउस कोणता?

मंडप_इंदिरानगर
गणपतीच्या दिवसांत १० ते १६ वर्षांच्या मुलांसाठी क्लिक-स्पीडची, म्हणजे माउसचं बटण सेकंदाला किती वेळा दाबता येतं याची, स्पर्धा ठेवायची आहे. सामान असं : दोन लॅपटॉप, त्यातल्या एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), तीन वायरचे माउस, एक वायरलेस. रंगीत तालीम घेतली तर आकड्यांचा मेळच बसेना. एकच मुलगा १ सेकंदाच्या टेस्टमध्ये ८, १० सेकंदांच्या टेस्टमध्ये ६.६, आणि तिसऱ्या माउसवर त्याच १० सेकंदांत ९.१. ‘त्याला चांगला माउस मिळाला’ ही पालकांची कुरकुर आतापासूनच सुरू झाली आहे. टेस्ट किती सेकंदांची ठेवावी? १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार वेळा लॅपटॉपला कळवणारा, गेमिंग माउस आणावा लागेल का? आणि लबाडी कशी रोखायची?

गोदाकाठचा_कोडर
१ सेकंदाची टेस्ट आधी बाद करा. बहुतेक टेस्टमध्ये पहिला क्लिक पडला की घड्याळ सुरू होतं आणि तो क्लिकही मोजला जातो, म्हणजे शून्याव्या क्षणी एक क्लिक फुकट. समजा कोणी अगदी एकसारखा सेकंदाला ६.५ ने दाबतोय. दोन क्लिकमधलं अंतर सुमारे १५४ मिलिसेकंद. १ सेकंदात ०, १५४, ३०८ असं करत ९२४ पर्यंत ७ क्लिक बसतात. आकडा दिसतो ७. तोच हात ५ सेकंदांत ३३ क्लिक करतो, म्हणजे ६.६. १० सेकंदांत ६५, म्हणजे ६.५. हात तोच, वेग तोच, आकडे तीन. त्यात सुरुवातीच्या सेकंदात बोट ताजं असतं, म्हणून तुमच्याकडे ८ दिसले.

काही साइट पहिला क्लिक नुसता ‘सुरू’ म्हणून धरतात आणि मोजत नाहीत. त्यामुळे दोन साइटवरचे आकडे शेजारी ठेवूच नका. एक साइट, एक लॅपटॉप, एक माउस.

लांबी १० सेकंद ठेवा. ३० किंवा ६० सेकंदांत वेगापेक्षा हाताचा दम मोजला जातो. लहान मुलं तिथे उगाच मागे पडतात. मेंदूविकारांच्या तपासणीत हॉलस्टेड-रायटन नावाचा जो चाचण्यांचा संच वापरतात, त्यातली बोट आपटण्याची चाचणीसुद्धा १० सेकंदांच्याच फेऱ्यांची असते, आणि एका फेरीवर भरवसा न ठेवता पाच फेऱ्यांची सरासरी काढतात.

१००० हर्ट्झचा खर्च करू नका. साधा माउस १२५ हर्ट्झचा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी लॅपटॉपला आपली हालहवाल कळवतो. तुमच्या दोन क्लिकमध्ये १५० मिलिसेकंदांची फट आहे. तेवढ्यात तो अठरा वेळा कळवून मोकळा होतो. एकही क्लिक गळत नाही. फार तर शेवटच्या क्षणाचा एखादा क्लिक घंटेच्या अलीकडे की पलीकडे एवढाच फरक, म्हणजे १० सेकंदांच्या टेस्टमध्ये ०.१.

ब्राउझरच्या घड्याळाबद्दलही लोक उगाच शंका काढतात. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टरचं (प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या फटीचं) प्रकरण बाहेर आल्यावर ब्राउझरांनी घड्याळ मुद्दाम भरड केलं हे खरं, पण भरड म्हणजे फायरफॉक्समध्ये सुमारे १ मिलिसेकंद. आपल्या कामाला त्याने काही बिघडत नाही.

क्लिक खरे गळतात ते दुसरीकडे. साइट ‘क्लिक’ हा इव्हेंट (ब्राउझर पानाला कळवतो ती घटना) मोजत असेल, तर बटण दाबणं आणि सोडणं ही दोन्ही त्याच चौकोनात व्हावी लागतात. जोरात दाबताना माउस सरकतो, पॉइंटर चौकोनाबाहेर जातो आणि तेवढे क्लिक हवेत. म्हणून पान १५० टक्क्यांवर झूम करा, पॉइंटर मधोमध ठेवा, माउसखाली जाड मॅट द्या. चौकोनाला लागून जाहिरात असलेली साइट तर नकोच. एक क्लिक चुकला की भलतंच पान उघडतं.

सोल्डरवाला_सातपूर
तिसऱ्या माउसचे ९.१ म्हणजे मुलाचा वेग नव्हे, स्विचचा आजार. डाव्या बटणाखाली सुमारे १३ मिलिमीटर लांबीचा मायक्रोस्विच असतो आणि आत पातळ पत्र्याची स्प्रिंग. पत्रा थकला किंवा संपर्कबिंदूवर थर चढला की एका दाबाला जोड दोनदा लागतो. फर्मवेअर, म्हणजे माउसच्या आतला प्रोग्राम, काही मिलिसेकंद थांबून असे उसळते सिग्नल गाळतं, पण उसळी त्याहून लांबली की एका दाबाचे दोन क्लिक.

तपासणी सोपी आहे. तोच माउस लावून मोजणीचं पान उघडा आणि साधारण सेकंदाला एक अशा संथ गतीने, तोंडाने मोजत १०० वेळा दाबा. थोडे दाब हलके, थोडे बटणाच्या कडेला द्या; दुखणं तिथे लवकर उघडं पडतं. स्क्रीनवर १०० पेक्षा जास्त आले तर माउस बाद. दुसरी खूण म्हणजे फाइल ओढून नेताना मध्येच सुटते. हे विंडोजच्या डबल-क्लिक स्पीडच्या पट्टीने बरं होत नाही. ती पट्टी दोन क्लिकना डबल-क्लिक कधी म्हणायचं एवढंच ठरवते, क्लिकची संख्या बदलत नाही.

दुरुस्ती करायचीच असेल तर स्क्रू बहुधा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. स्विच तीन पायांचा. काढण्याआधी छोटं बटण कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो काढा, उलटा बसला तर वरचं झाकण त्यावर टेकत नाही. ओमरॉन कंपनीचा डी२एफसी-एफ-७एन हा नेहमीचा प्रकार. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडून चार दिवस ढकलता येतात, पण स्पर्धेसाठी त्यावर विसंबू नका. ऑप्टिकल (प्रकाशाने दाब ओळखणाऱ्या) स्विचच्या माउसमध्ये हा साधा स्विच चालत नाही, तिथे सर्किटच वेगळं असतं.

वायरलेस राखीवच ठेवा. निष्क्रिय पडला की झोपतो, आणि पहिला दाब कधी कधी त्याला उठवण्यातच जातो.

मंडप_इंदिरानगर
संथ टेस्ट केली. पहिले दोन माउस १००, तिसरा ११७. पण तोच तिसरा माउस उबुंटूच्या लॅपटॉपला लावला तर १०० च! मग दोष माउसचा की विंडोजचा?

गोदाकाठचा_कोडर
माउसचाच. लिनक्सवर माउसचं इनपुट लिबइनपुट नावाच्या लायब्ररीतून येतं, आणि सुमारे २५ मिलिसेकंदांच्या आत उसळलेला क्लिक ती स्वतःच गाळते. विंडोज माउसकडून आलेलं जसंच्या तसं पुढे देतं. बरा झाला असं समजून तो वापरू नका, उसळी २५ च्या पुढे गेली की तिथेही आकडा फुगेल. पहिल्या दोघांतला एक निवडा.

ब्लॉक_फोडणारा
मुलांना हे वेड कुठून लागतं ते आधी बघा, नियम लिहिणं सोपं जाईल. माइनक्राफ्ट या गेमच्या १.८ आवृत्तीत मार लागल्यावर समोरच्याला सुमारे अर्धा सेकंद तेवढ्याच ताकदीचा दुसरा मार लागत नाही. सेकंदाला १२ क्लिक केले म्हणून मार सहापट बसत नाही. तो अर्धा सेकंद संपताच क्लिक हजर असतो, एवढाच फायदा. २०१६ च्या १.९ पासून जावा आवृत्तीत (कॉम्प्युटरवरच्या मूळ प्रकारात) प्रत्येक वारानंतर ताकद भरायला वेळ लागतो, तिथे अंदाधुंद क्लिक उलट तोट्याचे. पण जुन्या पद्धतीचे सर्व्हर अजून चालतात आणि त्यामुळे तंत्रंही टिकून आहेत.

जिटर म्हणजे हाताचा पुढचा भाग ताठ करून थरथरवणं. बटरफ्लाय म्हणजे एकाच बटणावर दोन बोटं आलटूनपालटून. ड्रॅग म्हणजे बटणावरून बोट घासत ओढायचं आणि स्विचला मुद्दाम उसळायला लावायचं. सेकंदाला २० च्या वरचे आकडे बहुतेक इथलेच. तुमच्याकडे एकच नियम पुरे : एक बोट, बटणावर उभा दाब. जिटर मुलांना करूच देऊ नका, मनगट दुखतं. ‘फायर’ बटणवाले माउस घरून आणायलाही मनाई करा, त्यात एका दाबाला तीन क्लिक जातात.

सोल्डरवाला_सातपूर
लबाडीची एक वाट राहिली. काही साइटवर चौकोन हे खरं बटण असतं. एकदा माउसने दाबलं की फोकस त्यावर बसतो, म्हणजे कीबोर्डचे दाब त्यालाच जातात, मग डाव्या हाताने एंटर दाबून धरला तर की-रिपीटने (धरलेली की आपोआप पुन्हा पुन्हा उमटते त्याने) क्लिक धडाधड पडतात, विंडोजवर सेकंदाला ३० पर्यंत. स्पर्धेआधी स्वतः करून बघा. आकडा पळाला तर साइट बदला. टचपॅडही बंद करा, नाहीतर एक हात माउसवर आणि दुसरा टचपॅडवर, दोन्हीचे क्लिक एकाच खात्यात जमा. आणि रिकामा हात टेबलावर दिसेल असा ठेवायला लावा.

गोदाकाठचा_कोडर
फेऱ्यांचं असं करा. प्रत्येकाला एक सरावाची फेरी, मग १० सेकंदांच्या तीन, मध्ये निदान एक मिनिट विसावा. तीनपैकी मधला आकडा धरा. सर्वोत्तम धरला तर एखादी भाग्याची फेरी जिंकते, सरासरी धरली तर एकदा पॉइंटर सरकलेलं पोर मारलं जातं. नोंद क्लिकच्या संख्येत करा, ६.६ नव्हे तर ६६, म्हणजे दशांशाचे वाद नकोत. दोघांत एका क्लिकचा फरक असेल तर तो घंटेच्या काठावरचा असू शकतो, म्हणून ६६ आणि ६७ ला बरोबरी समजून दोघांची आणखी एक फेरी घ्या. १० ते १२ आणि १३ ते १६ असे गट वेगळे केलेत तर पालकांची निम्मी कुरकुर तिथेच मिटेल.