मदत हवी आहे: कूर्चा बनवणाऱ्या मूलपेशींना दाब कोणत्या दिवसापासून द्यावा?

नमस्कार मंडळी,

नागपुरात बायोटेक्नॉलॉजीत पीएचडी करतेय. ऊतक-अभियांत्रिकीतले कुणी जाणकार इथे असतील तर कृपया वाचा, तीन आठवडे राबून निकाल नेमका उलटा आलाय.

अस्थिमज्जेतल्या मूलपेशी २ टक्के अ‍ॅगरोजमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणारी जेली) मिसळून ५ मिमी रुंद, २ मिमी जाड चकत्या केल्या. माध्यमात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, टीजीएफ-बीटा३ (पेशींना कूर्चेकडे वळवणारं प्रथिन, १० नॅनोग्रॅम प्रति मिली), डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे क जीवनसत्त्व. निम्म्या चकत्यांना पहिल्याच दिवसापासून रोज तासभर, सेकंदाला एकदा, १० टक्के दाब. म्हणजे चकती ०.२ मिमीच दबते, पण तासात ३६०० वेळा. चालताना गुडघ्यातल्या कूर्चेला जो ताल मिळतो, तो मिळाला की पेशी जोमाने कामाला लागतील असं वाटलं होतं. २१ व्या दिवशी अल्शियन ब्लूने रंगवल्या; कूर्चेचा गर जितका जास्त, तितका निळा गडद. न दाबलेल्या गडद निळ्या. दाबलेल्या फिकट, मधोमध तर जवळपास पांढऱ्या.

मग वाचत बसले. टीजीएफ-बीटा असताना सुरुवातीपासून हलता दाब दिला तर कूर्चा कमी बनते, आणि तीन आठवडे थांबून तोच दाब दिला तर चकतीचा ताठपणा वाढतो, असं प्रयोगांत दिसलंय. मला ते पटतं. पहिल्या दिवशी पेशीभोवती स्वतःचं काहीच नसतं, दाब उघड्या पेशीवर येतो. कोलाजेन-२ आणि अ‍ॅग्रिकन या कूर्चेच्या मुख्य घटकांचं आवरण तयार झालं की तोच दाब त्यातून, पाण्याच्या ये-जा करण्यातून, पेशीला वेगळाच जाणवत असणार. उलट टीजीएफ दिलं नाही तर दाबाने पेशी स्वतःच ते बनवायला लागतात, असंही आहे. म्हणजे दाब वाईट नाही, वेळ चुकली.

पण खात्री होत नाही, कारण मशीन आम्हीच जोडलंय: सीताबर्डीतून आणलेली स्टेपर मोटर आणि प्लॅस्टिकचा दट्ट्या. शेवटच्या आठवड्यात भिंगातून पाहिलं, तर दट्ट्या वर जाताना एक चकती त्याला चिकटून उचलली जात होती आणि टपकन खाली पडत होती. शिवाय दट्ट्याखाली झाकलेल्या मध्यभागी माध्यम पोचत नसेल, तर तो पांढरा भाग दाबाचा नसून उपासमारीचा असेल.

तर प्रश्न असा. पुढच्या वेळी दट्ट्या नुसता टेकवून ठेवलेल्या, न हलणाऱ्या चकत्यांचा तिसरा गट ठेवला तर हे दोन्ही वेगळं करता येईल का? चिकटू नये म्हणून आधी थोडा कायमचा दाब ठेवतात म्हणे, तो किती ठेवता तुम्ही? आणि २१ दिवस थांबायलाच हवं, की १४ व्या दिवशी आवरण पुरेसं होतं? फार थांबले तर पेशी कोलाजेन-१० बनवून हाडाच्या वाटेला लागतील, ही धास्ती आहेच.

आईच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय, जिना चढताना दर पायरीला कठडा धरते. "अजून त्या पेशी दाबूनच राहिली का गं?" असं रोज विचारते.

या दात्याच्या पेशींच्या दोनच कुप्या उरल्यात. सोमवारी एक वितळवणार आहे. त्याआधी कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. रंगवलेल्या कापांचे फोटो हवे असतील तर टाकते.